चार ते आठची भूक: क्लासला जाणाऱ्या मुलांच्या मधल्या खाण्याची घडी कशी बसवायची

सांगलीत आहाराचा सल्ला द्यायला बसते तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील जवळजवळ एकच वाक्य घेऊन येतात: "मॅडम, बाहेरचं सगळं बंद केलंय, तरी पोरगं ऐकत नाही." बाहेरचं बंद करणं ही खरं तर शेवटाकडची पायरी. ती पहिली केली की मूल उपाशी राहतं, नाहीतर लपून खातं. माझ्या घरात हेच झालं. मुलगी अकरावीत असताना मी वेफर्स आणि फरसाण घरात आणायचं थांबवलं. पंधरा दिवसांनी सॅक धुवायला काढली, तर आतल्या छोट्या कप्प्यात पाच रुपयांची सात-आठ पाकिटं बारीक घड्या घालून ठेवलेली. तिला खाण्याबद्दल खोटं बोलायची वेळ माझ्यामुळे आली होती, कारण सहा वाजताच्या भुकेची दुसरी काही सोय मी केलीच नव्हती.

म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. सगळं बसायला साधारण महिना लागतो.

## सुरू करण्याआधी

एक शंभर पानी वही, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा (नसला तरी चालेल, वाटी आणि मूठ पुरे), आणि झाकण घट्ट बसणारे दोन डबे. एक मोठा, एक सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मावेल असा.

मुलाला आधी सांगा की हे वजन कमी करण्यासाठी चाललेलं नाही. या वयात शरीर वाढतंय आणि त्याला खूप लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 3320 किलोकॅलरी आणि 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. मुलीला 2500 किलोकॅलरी आणि 46 ग्रॅम. एवढं तीन जेवणांत बसत नाही. मधलं खाणं हवंच.

सावधान: "किती जाड झालीस" किंवा "हाडं दिसायला लागली" यातलं एकही वाक्य या महिन्यात घरात नको. पाहुण्यांनाही तसं सांगून ठेवा.

## पायरी 1: सात दिवस नुसतं लिहा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. रोज रात्री पाच मिनिटं मुलासोबत बसून चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता खाल्लं, काय आणि किती, आधीचं खाणं किती वाजता होतं, आणि सोबत कोण होतं. शेवटचा रकाना लोक गाळतात. पण मित्रांबरोबर खाल्लेला वडापाव आणि बसस्टॉपवर एकट्याने भुकेपोटी खाल्लेला वडापाव यांचे उपाय वेगळे आहेत.

माझ्याकडे आलेल्या अशा एका वहीतलं पान सांगते. मुलगी सोळा वर्षांची, बुधगावहून एसटीने सांगलीला येणारी. सकाळी सहाला चहा आणि चार बिस्किटं. साडेदहाला डबा: दोन चपात्या, बटाट्याची भाजी. दीडला कॉलेज सुटलं, घरी न जाता थेट क्लासच्या अभ्यासिकेत. चारला वेफर्स. सहाला मैत्रिणींबरोबर भेळ. साडेआठला घरी, "भूक नाही" म्हणून अर्धी भाकरी. अकराला अभ्यास करताना नूडल्स.

आई मला नूडल्सबद्दल विचारायला आली होती. पण पान नीट बघा. साडेदहाच्या डब्यानंतर रात्री साडेआठपर्यंत, म्हणजे दहा तास, त्या मुलीने जेवण म्हणावं असं काही खाल्लेलंच नाही. अख्ख्या दिवसाची प्रथिनं मोजली तर जेमतेम पंचवीस ग्रॅमच्या आसपास आली. अकराची नूडल्स ही दुपारची उधारी होती.

तपासा: वहीत चार तासांपेक्षा मोठी फट कुठे आहे? तिच्यावर लाल पेनाने गोल करा. पुढचं सगळं काम त्या गोलाभोवती आहे.

नेहमीची चूक: लिहिताना टीका करणं. दुसऱ्या दिवशी "अगं बाई, परत भेळ?" म्हणालात की तिसऱ्या दिवसापासून वहीत खोटं लिहिलं जातं, आणि खोट्या वहीचा काही उपयोग नसतो.

## पायरी 2: आधी सकाळ आणि डबा

मधल्या वेळचं खाणं सुधारायचं तर हात सकाळच्या खाण्याला घालावा लागतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पण रिकाम्या पोटी चहा-बिस्किटावर निघालेलं मूल संध्याकाळी कशावरही तुटून पडतं.

नियम सोपा आहे. सकाळच्या खाण्यात आणि डब्यात प्रत्येकी एक प्रथिनाचा पदार्थ डोळ्यांना दिसला पाहिजे. ढोबळ हिशेब असा: एक अंडं 6 ग्रॅम, 200 मिली दूध 6 ग्रॅम, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे साधारण साडेसात, तेवढेच फुटाणे 6 ग्रॅम, एक चपाती 3 ग्रॅम. नुसत्या पोह्यांच्या बशीत फारसं काही नसतं. त्यात मूठभर शेंगदाणे वाढवा आणि शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा पेलाभर दूध द्या, की तीच बशी पुरी पडते.

सकाळी सहाला मुलांना जात नाही, हे खरं आहे. तिथे जबरदस्ती नको. एक पेला दूध आणि दोन खारका घरी, आणि उरलेलं डब्यातून, पहिल्या सुट्टीत. दह्यात मळलेले धपाटे यासाठी फार चांगले. गार झाले तरी मऊ राहतात. ज्वारीच्या पिठात पाव हिस्सा डाळीचं पीठ घाला, सोबत शेंगदाण्याची चटणी द्या. डब्यातली बटाट्याची भाजी आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस मटकी, हरभरा, चवळी, घेवडा. घेवडा कोरेगावचा मिळाला तर उत्तमच, चवीला दुसरा त्याच्या जवळ जात नाही.

तपासा: चार दिवसांनी विचारा, "सहा वाजता भूक कशी असते?" पूर्वीपेक्षा कमी असेल, तरच पुढे जा. नसेल, तर डबा परत येतोय का ते बघा.

## पायरी 3: सॅकमधला छोटा डबा

सगळी मेहनत इथे करायची. लाल गोल केलेल्या फटीत मूल ज्या वेळी बाहेरचं खायला वळतं, त्याच्या अर्धा तास आधी खायचं खाणं या डब्यात असतं. डबा उशिरा उघडला तर उपयोग नाही. मूल एकदा गाड्यासमोर उभं राहिलं की डबा सॅकमध्येच राहतो.

डब्यातलं खाणं हाताने खाता येणारं, वास न पसरणारं, सांडलं तरी वही खराब न करणारं हवं. आणि मैत्रिणीला पुढे करता येईल असं हवं. सोळाव्या वर्षी याला फार महत्त्व असतं. कापलेली काकडी-गाजरं भरून देऊ नका, ती तशीच परत येतात.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं खाणं म्हणजे भडंग. सांगली-जयसिंगपूरच्या मुलाला भडंग नको असं होत नाही. अडचण एवढीच की विकतच्या भडंगात चिरमुरे, तेल आणि मीठ जास्त, आणि दाणे शोधावे लागतात. चिरमुऱ्यांनी पोट फुगल्यासारखं वाटतं आणि तासाभरात परत भूक लागते. म्हणून भडंग घरी, प्रमाण बदलून करायचा.

दहा डब्यांसाठी: भडंगाचे जाड चिरमुरे 200 ग्रॅम, शेंगदाणे 200 ग्रॅम, डाळं 100 ग्रॅम, तेल 4 मोठे चमचे, लसणाच्या 15-20 पाकळ्या सालीसकट ठेचून, दोन काड्या कढीपत्ता, हळद, तिखट किंवा कांदा-लसूण मसाला, चमचाभर पिठीसाखर.

1. चिरमुरे कोरडेच, मंद आचेवर परता. बोटांत धरून चुरले की चुरा व्हायला हवा. दबले तर अजून परता. परातीत काढून ठेवा.
2. त्याच कढईत तेल तापवून शेंगदाणे तांबूस होईपर्यंत तळा. मग डाळं, अर्धा मिनिट.
3. लसूण घाला आणि इथे घाई करू नका. लसणाची कड सोनेरी होऊन तो कुरकुरीत व्हायलाच हवा. त्यात ओल राहिली की दुसऱ्या दिवशी भडंग सादळतो, आणि लोक मात्र चिरमुऱ्यांना दोष देतात.
4. कढीपत्ता तडतडला की गॅस बंद. अर्धा मिनिट थांबा, मग हळद आणि तिखट. गरम तेलात लगेच टाकलं तर तिखट जळून कडू होतं.
5. चिरमुरे घालून दोन उलथन्यांनी खालून वर हलवा. पिठीसाखर भुरभुरवा.
6. आता एक मूठ खाऊन बघा आणि मगच मीठ घाला. चिरमुऱ्यांत मीठ मुळातच असतं, बऱ्याच कांदा-लसूण मसाल्यांतही असतं. बहुतेक वेळा वरून घालावंच लागत नाही.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. दहा भाग केले की एका भागात साधारण 8 ग्रॅम प्रथिनं आणि 275 किलोकॅलरी येतात. एका मुलीच्या संध्याकाळला एवढं पुरतं. तालमीला किंवा मैदानावर जाणाऱ्या मुलाला सोबत एक केळ किंवा अंडं द्या.

सावधान: शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा किंवा बुरशी दिसणारा दाणा भाजून "चालवून" घेऊ नका. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. आणि दाणे खाऊन ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं असं कधी झालं असेल तर हा पदार्थ त्या मुलासाठी नाही. वाटणीचा डबा असेल तर मैत्रिणींनाही हे माहीत असू द्या.

रोज भडंग दिला तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, म्हणून आलटून पालटून: गूळ-फुटाणे, नाचणीचा लाडू, तिळाची वडी, शेंगदाण्याची पोळी चौकोनी तुकडे करून. नाचणी आणि तीळ मुद्दाम घ्या. या वयात रोज हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं, आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. तीळ पॉलिश न केलेले. तासगावचा बेदाणा आपल्याकडे स्वस्त आणि चांगला मिळतो, पण तो धुऊन, वाळवून, मूठभरच द्या आणि वर पाणी प्यायला सांगा. दातांना चिकटून बसतो. गुळाबद्दलही स्पष्ट सांगते: गूळ ही साखरच आहे. लोहासाठी म्हणून गुळाचे खडे खाऊ घालणं थांबवा.

## पायरी 4: घरात काय दिसतं ते बदला

रात्री मूल स्वयंपाकघरात येतं तेव्हा जे समोर दिसतं तेच खातं. ओट्यावर काचेच्या बरणीत फुटाणे-शेंगदाणे, टोपलीत केळी, पेरू, हंगामात द्राक्षं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात दही आणि उकडलेली अंडी. बिस्किटं आणि फरसाण वरच्या फळीवर, आणि तेही छोट्या पाकिटात आणलेलं.

रात्री अकराची भूक खरी असेल तर ती भागवा. गरम दूध, दही-भात, अर्धी भाकरी आणि चटणी. नूडल्सच करायच्या असतील तर आठवड्यातून एकदा, मसाल्याची अर्धी पुडी, त्यात अंडं किंवा मूठभर मटार.

पाकीट विकत घेताना पुढचं चित्र सोडून मागचा तक्ता वाचा. आकडे बहुतेक 100 ग्रॅमचे असतात आणि पाकीट 30 किंवा 50 ग्रॅमचं, त्यामुळे गुणाकार मुलालाच करू द्या. "मल्टिग्रेन" लिहिलेल्या बिस्किटाच्या घटकांत पहिलं नाव मैदा असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढं मुलाला एकदा कळलं की दुकानात उभं राहून ते स्वतःच वाचायला लागतं.

## पायरी 5: बाटल्या आणि चहा

खाण्याच्या वहीत पेयं लिहायची लोक विसरतात. नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते. 250 मिलीची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या वर, पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 किलोकॅलरीच्या आहारात पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. ही मर्यादा एका बाटलीत संपते.

एनर्जी ड्रिंकबद्दल मात्र तडजोड नको. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकांमधून हे डबे फिरतात. भारतातल्या नियमानुसार अशा पेयांत लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि मुलांसाठी त्याची शिफारस नाही असं डब्यावरच छापावं लागतं. ती ओळ मुलाला दाखवा. झोप उडवून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हे त्यांनाही अनुभवाने माहीत असतं.

पर्याय म्हणून बाटलीत ताक किंवा लिंबू सरबत. उसाचा रस आपल्या भागात कुणी वाईट म्हणत नाही, पण त्यातही साखरच आहे. आठवड्यातून एकदा, छोटा पेला.

## पायरी 6: आता गाड्याकडे वळा

आता, चौथ्या आठवड्यात. मुलाचं पोट भरलेलं असताना बाहेरच्या खाण्यावर बोलणं सोपं जातं. बंदी घालू नका, वार ठरवा. आठवड्यातले दोन दिवस मित्रांबरोबर, कुठले ते मुलाने सांगायचं. त्या दिवशी छोटा डबा आधी खायचा आणि मग भेळ.

निवड कशी करायची ते प्रत्यक्ष सोबत जाऊन दाखवा:

- भेळ असेल तर शेव कमी, कांदा-टोमॅटो-कैरी जास्त, वर भाजके शेंगदाणे मागून घ्यायचे.
- तळणीचं तेल काळपट, दाट, फेसाळ आणि डोळ्यांना झोंबणारा धूर सोडणारं असेल तर तिथून निघायचं.
- पाणीपुरीचं पाणी कशाचं आहे हे विचारायला लाजायचं नाही. पावसाळ्यात पाणीपुरी नकोच.
- मंच्युरियन आणि वडापाव एकाच दिवशी नाही.

शाळेच्या बाबतीत पालकांच्या हातात एक नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पालक सभेत हा विषय काढा. गाडीवाल्याशी भांडू नका, त्याचंही पोट त्यावर आहे, मुख्याध्यापकांशी बोला.

## पायरी 7: मुलींसाठी लोहाचा वेगळा हिशेब

ही पायरी मुलगा असला तरी वाचा, पण मुलगी असेल तर सोडूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांमध्ये 31 टक्के. "आळशी झालीय, सारखी झोपते" म्हणून आणलेल्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघतं.

16 ते 18 वयाच्या मुलीला रोज 32 मिलिग्रॅम लोह लागतं. मटकी, हुलगे, चवळी, माठ, मेथी, खारीक, अंडी, चालत असेल तर मटण-कलेजी. यांच्यासोबत लिंबू, पेरू किंवा आवळा हवा, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्य-भाज्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा याच्या उलट काम करतो. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. मटकीची उसळ आणि लगेच कपभर चहा, ही आपल्या घरांतली सगळ्यात साधी आणि महाग पडणारी चूक.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची असते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मुली टाकून देतात. खाऊन झाल्यावर घ्यायला सांगा. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरायचं नाही.

## महिन्याने परत वही काढा

पुन्हा तीन दिवस लिहा आणि पहिल्या आठवड्याच्या पानाशेजारी ठेवून बघा. चार तासांची फट भरली का? डबा रिकामा येतो का? रात्रीचं जेवण नीट होतं का? वजन बघायचंच नाही. दोन गोष्टी सुधारल्या असतील तर तिसरीसाठी आणखी महिना घ्या, सगळं एकदम ओढू नका.

बुधगावच्या त्या मुलीचं सांगते. तिच्या दुसऱ्या वहीत दीड वाजता धपाटे आले, साडेपाचला भडंग. भेळ दोनच दिवस, मैत्रिणींबरोबर. अकराच्या ओळीसमोर तीन दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण ती साडेदहाला झोपली होती.

काही गोष्टींसाठी मात्र महिना थांबू नका, डॉक्टरांकडे जा: जिना चढताना धाप, फिकट डोळे आणि नखं, पाळीत खूप रक्त जाणं, खडू-माती खावीशी वाटणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, किंवा वजन आपोआप उतरणं. मूल जेवण टाळून खोटं सांगत असेल, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जात असेल, आरशासमोर स्वतःला सतत नावं ठेवत असेल, तर वही बंद करा, आकडे मोजणं थांबवा आणि आधी त्याला डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे घेऊन जा.